वरच्या मजल्यावरचा माग

इमारतीतले सगळे माग बंद होते आणि दाक्षायणीला त्या शांततेचीच धास्ती बसली होती.

एरवी उजाडलं की तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत जो खटखटाट सुरू व्हायचा तो दिवेलागणीलाच थांबायचा. त्या आवाजात भांडणं व्हायची, सोयरिकी जुळायच्या, पोरं पाढे पाठ करायची आणि म्हातारी माणसं दुपारची झोपसुद्धा काढायची. कुणाला त्याचं काही वाटत नसे. आज मात्र खाली कुणी बादली आपटली तरी तिच्या छातीत धस्स होत होतं. आपल्याच पायातली जोडवी फरशीवर वाजली तरी ती दचकत होती. सारखी खिडकीशी जायची, फाटकाकडे बघायची आणि परत यायची.

"बस की जरा," शरणप्पा म्हणाला. "तुझ्या येरझाऱ्या बघून मलाच धाप लागायलीय."

शरणप्पा तिचा नवरा. तो मागाला पाठ टेकून जमिनीवर बसला होता, कारण दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. दार उघडलं की पहिली खोली, आणि त्या खोलीभर टॉवेलचा माग. भिंत आणि माग यांच्यामधून माणसानं आडवं होऊन सरकायचं, आतल्या खोलीत पोचायचं आणि मग श्वास सोडायचा. शहरातली जुनी वस्ती पाडली आणि मंद्रूपच्या रस्त्याला ही घरकुलं दिली, तेव्हा हा माग सुटा करून, एकेक लोखंड खांद्यावर घेऊन चार जिने चढवला होता. लिफ्ट होती की. पण ती उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना घेऊन वर गेली ती वरच राहिली.

घरकुलात यंत्र चालवायला बंदी होती. सापडलं तर घर काढून घेणार, असं चावी हातात देतानाच बजावलं होतं. आता मागाच्या माणसांना असली घरं दिलीच कशी, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर असं, की पहिल्या पाहणीच्या वेळी माणसं धंदा विचारत फिरत होती, आणि त्याआधी कुणा शहाण्यानं वस्तीत उठवून दिलं, की मागवाल्याला घर मिळत नाही, मजुराला मिळतं. झालं! ज्याच्या घरात माग त्यानंही छातीठोक 'मजुरी' सांगितलं. शरणप्पानंही सांगितलं. मग सरकारनं मजुरांची घरं बांधली. सकाळी डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या आणि रात्री झोपायला येणाऱ्या माणसांची. माग कुठं ठेवायचा याचा विचार नकाशात कुणी केला नाही, आणि करणार तरी कसा?

आज त्या नकाशाची परीक्षा होती. घरकुलं कशी झालीत, माणसं सुखी आहेत का, हे बघायला बाहेरची माणसं यायची होती. त्यांनी मान डोलावली की पलीकडच्या माळावर दुसरा टप्पा सुरू होणार होता. नकाशा हाच, फक्त मजले जास्त. सोडतीत दाक्षायणीच्या जावयाचं नाव लागलं होतं, तेही अगदी वरच्या मजल्यावर. पेढे वाटून झाले होते.

इमारतीतल्या सगळ्यांनी मल्लव्वाच्या घरी बसून बेत ठरवला होता. मल्लव्वा तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि तिच्याकडे माग नव्हता, ती घरोघरच्या मागांसाठी लाकडी कांड्यांवर सूत भरून द्यायची. पाहुण्यांना तिचं घर दाखवायचं. साहेब लोक चौथा मजला चढत नाहीत, त्यामुळे चौथ्याची काळजी नको. चौथ्यावरून फाटक दिसतं, तेव्हा दाक्षायणीनं फाटकावर डोळा ठेवायचा. गाडी गेली की शरणप्पाचा माग सुरू करायचा. तो वाजला की बाकीच्यांनी खुशाल आपापले सुरू करावेत, तोवर बटणाला हात लावायचा नाही. मोबाइलवर कळवू म्हटलं तर दुसऱ्या मजल्यावरच्या बिभीषणनं मागे आपल्या नव्या मागाचा व्हिडिओ कौतुकानं अशा ग्रुपवर टाकला होता, जिथं योजनेचा शिपाईपण होता. त्या शिपायाचं तोंड बंद करायला सगळ्यांना वर्गणी काढावी लागली, आणि तेव्हापासून असल्या कामात मोबाइलचं नाव कुणी काढत नसे.

"आली का गं गाडीऽऽ?" खालून मल्लव्वाची हाक आली.

"न्हाय अजूनऽऽ!" दाक्षायणी खिडकीतून ओरडली.

"सगळ्यांनी हळू बोला म्हणावंऽऽ!" मल्लव्वा म्हणाली, आणि ते रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानंही ऐकलं. मागाच्या आवाजात आयुष्य गेलेल्या माणसांना हळू म्हणजे किती हळू, हे ठाऊक नसतं. माग बंद ठेवायचं सगळ्यांनी ठरवलं होतं, घशाचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दाक्षायणी आडवी होऊन आतल्या खोलीत आली. तिथं तिची लेक महेश्वरी खाटेवर बसली होती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. छताच्या कडीला साडीची झोळी बांधली होती आणि झोळीत सव्वा महिन्याची पोर टाहो फोडत होती.

"अव्वा, सकाळपासून डोळा लागंना झालाय हिचा," महेश्वरी रडकुंडीला आली होती. "पाजलं, शेकलं, दृष्ट काढली. काय झालंय गं हिला?"

काय झालंय ते दाक्षायणीला कळत होतं. जन्मल्यापासून पोर दिवसा मागाच्या आवाजातच झोपत आली होती. आज तो आवाज नव्हता, म्हणून घाबरली होती. दाक्षायणीनं झोळीला हात लावला आणि तिची नजर, नको नको म्हणताना, छताकडे गेली.

कडीपासून तडा निघाला होता. पावसाळ्यात केसाएवढा होता, दिवाळीला दोऱ्याएवढा झाला, आणि आता भिंतीवर उतरून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत पोचला होता. भिंतीवरचा भाग तिनं सिद्धेश्वराच्या कॅलेंडरमागे झाकला होता. छताला कॅलेंडर लावता येत नाही. शरणप्पाला दाखवलं तर तो म्हणाला, नवं घर बसतंय, बसताना कुरकुरणारच. मल्लव्वाला सांगावं तर ती अख्ख्या सोलापूरला सांगेल. आणि कचेरीत सांगावं तर आधी माग निघेल आणि मग घर. म्हणून ती गप्प होती. पण दुपारी सगळे माग जोरात असले की तिला तळपायातून काहीतरी वर सरकत आल्यासारखं वाटायचं. कळशीतलं पाणी आपोआप थरथरायचं. ती भिंतीला हात लावून उभी राहायची आणि भिंत आतून तापात कुडकुडणाऱ्या माणसासारखी लागायची. तरी ती जाऊन कांड्या पुरवत राहायची, कारण टॉवेल थांबला तर चूल थांबेल.

आज सकाळी मात्र वेगळं झालं होतं. पोरीचं दुपटं झटकायला घेतलं तर त्यात गिलाव्याचा एक तुकडा सापडला. चिंचोक्याएवढा. पोरीच्या डोक्याशी पडलेला. महेश्वरीला काही न सांगता दाक्षायणीनं तो कनवटीला खोचला, झोळी हलवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बांधायला जागा शोधली, पण दुसरी कडीच नव्हती, आणि खाटेवर ठेवली की पोर जास्तच रडायची. तेव्हापासून तो तुकडा तिच्या कमरेला टोचत होता आणि ती येरझाऱ्या घालत होती.

खाली गाडीचं दार वाजलं.

"आलेऽऽ!" दाक्षायणी ओरडली, आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

गाडीतून दोघं उतरली. एक मानसिंगराव, योजनेचे इंजिनियर. ते सगळ्यांच्या ओळखीचे, दर वेळी आधी कळवून यायचे, छान चाललंय म्हणायचे आणि चहा घेऊन जायचे. दुसरी एक तरुण मुलगी, गळ्यात पाहणी करणाऱ्या संस्थेचं ओळखपत्र, हातात टॅब. ठरल्याप्रमाणे त्यांना मल्लव्वाच्या घरात नेण्यात आलं. वरून दाक्षायणीला एकेक शब्द ऐकू येत होता. मुलीचं नाव अंकिता, गाव बार्शी. मल्लव्वा म्हणाली, घर लई झ्याक हाय, वारं येतंय, पाणी येतंय, काय बी तक्रार न्हाय. कपबशा वाजल्या. मानसिंगराव कशावर तरी हसले. आता निघतील, असं शरणप्पानं हातानं खुणावलं.

आणि आतून पोरीनं असा काही टाहो फोडला, की जिना घुमला.

"एवढं लहान बाळ कुठं रडतंय?" अंकितेचा आवाज आला.

"ते व्हय? ते मांजर हाय!" मल्लव्वा म्हणाली. भीतीनं माणसाला काय सुचेल सांगता येत नाही.

जिन्यावर पावलं वाजू लागली. शरणप्पा ताडकन उठला आणि मागावर चादर ओढू लागला. मागावर चादर टाकली तर चादर टाकलेला माग दिसतो, दुसरं काही दिसत नाही. दाक्षायणीनं आत झेप घेतली, पोर उचलून छातीशी धरली, बाहेर येऊन दार मागं ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. गळ्यातलं इष्टलिंग तिनं मुठीत धरलं होतं.

"मावशी, काय झालंय बाळाला?" अंकिता वर येत म्हणाली. घाईनं जिना चढून तिला धाप लागली होती, पण चेहरा भला होता.

"कुटं काय! झोप न्हाय झाली तिची!" दाक्षायणी ओरडली.

अंकिता एक पाऊल मागं सरली. "मला नीट ऐकू येतंय, मावशी."

"व्हय व्हय!" दाक्षायणी तितक्याच मोठ्यानं म्हणाली, आणि आपला आवाज रिकाम्या जिन्यात घुमताना ऐकून तिला घाम फुटला.

अंकितेनं पोरीला हातात मागितलं. नाही म्हणायचं कसं? पोर तिच्या खांद्यावर गेली आणि हुंदके देऊ लागली. तिच्या जावळात कापसाची बारीक तुसं अडकली होती. अंकितेनं ती बोटानं काढली, बघितली, फुंकली. विचारलं काहीच नाही. मग तिनं एका हातानं टॅब सावरला.

"दोनच प्रश्न आहेत, मावशी. घरात पाणी, वीज, हवा ठीक आहे?"

"ठीक हाय."

"या घरात तुम्हाला सुरक्षित वाटतं का? म्हणजे, भीती वगैरे काही वाटते का?"

आयुष्यात दाक्षायणीला पुष्कळांनी पुष्कळ विचारलं होतं. जात, धंदा, मुलं किती, बिल का नाही भरलं. भीती वाटते का, असं मात्र कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानंसुद्धा नाही. तिचा हात कनवटीकडे गेला आणि तिथंच थांबला. हो म्हटलं तर घर जाणार, नाही म्हटलं तर पोर पुन्हा त्या झोळीत निजणार.

तेवढ्यात मानसिंगराव कठड्याला धरून वर आले. "मॅडम, पुरे की आता! सगळीकडं एकच उत्तर मिळतंय तुम्हाला. 'समाधानी' लिहा आणि चला. तुमच्या अहवालासाठी पुढच्या टप्प्याचं काम अडलंय."

"त्या इमारती अशाच आहेत ना?" अंकितेनं विचारलं.

"डिट्टो! फक्त तीन मजले जादा. खांब तेच, सळई तीच. या बाईंच्या लेकीला पण लागलंय तिथं, काय हो? एकदम टॉपला!"

एकदम टॉपला. दाक्षायणीच्या डोळ्यांसमोर ती न बांधलेली इमारत उभी राहिली. तिथंही हेच सगळे येणार, आपापले माग खांद्यावर घेऊन. सगळ्यात वर महेश्वरी, छताला कडी, कडीला झोळी. भीती तर कधीची होती. पण आजवर ती एका खोलीत मावत होती.

तिनं कनवटीचा तुकडा काढला आणि अंकितेच्या हातावर ठेवला. "ह्यो सकाळी पोरीच्या डोस्क्याशी पडला," ती म्हणाली. "वर छताला तडा हाय. लई वाढलाय."

मानसिंगरावांनी तुकडा दोन बोटांत धरून उन्हात पाहिला. "पापुद्रा आहे हो हा, रंगाचा. मॅडम, अशा बारीक चिरा तुमच्या बंगल्यातही असतील. घरात माणसं राहतात तेवढ्या वजनाला या इमारतीला काही होत नाही. भार वगैरे सगळा हिशोबानं धरलाय."

"माणसंच राहतात ना, मावशी?" अंकितेनं हळूच विचारलं. "दुसरं काही नाही ना?"

आता बोलून भागणार नव्हतं. सांगितलं असतं तर मानसिंगरावांनी पुन्हा काहीतरी हसून सांगितलं असतं, आणि ती शिकलेल्या माणसापुढं गप्प बसली असती, नेहमीसारखी. दाक्षायणीनं मागं वळून दार ढकललं.

चादर टाकलेल्या मागासमोर शरणप्पा हात पसरून उभा होता. मानसिंगरावांचं तोंड उघडं पडलं. दाक्षायणीनं चादर ओढून काढली.

"बेडा!" शरणप्पा म्हणाला. घाबरला की तो कानडीतच बोलायचा. "दाक्षा, बेडा! नको गं, घर जाईल!"

"सरा तुमी," ती म्हणाली, आणि बटण दाबून हँडल ओढलं.

धोटा सुटला आणि सुतातून इकडून तिकडे धावू लागला. खट-खट, खट-खट, खट-खट. दाक्षायणीनं अंकितेला भिंतीशी नेलं आणि तिचा तळवा भिंतीवर ठेवला. एका मागाची थरथर, तशी थोडकीच. तिला एवढंच दाखवायचं होतं. आमचा एक माग आहे, खाली असेच आहेत, सगळ्यांचा मिळून विचार करा, असं ती सांगणार होती. शब्दही जुळवले होते.

पण एक गोष्ट ती साफ विसरली होती, आणि ती तिनंच पाठ केलेली गोष्ट होती.

तिसऱ्या मजल्यावर एक माग सुरू झाला. लगेच दुसरा. मग बिभीषणचे दोन्ही. मग तळमजला. गाडी गेली असं समजून अख्खी इमारत सकाळचा बुडालेला वेळ भरून काढायला लागली होती. दाक्षायणी खिडकीकडं धावली आणि "गाडी गेल्याली न्हाय! बंद करा!" म्हणून जिवाच्या आकांतानं ओरडली. पण मागाच्या आवाजात कोण कुणाचं ऐकतो?

भिंत कापू लागली. आज सगळे एका वेळी सुरू झाले होते. कदाचित म्हणून असेल, पण अशी थरथर तिनं कधी अनुभवली नव्हती. फरशीवरची कळशी चालत चालत कोपऱ्याला गेली. अंकितेनं भिंतीवरचा हात भाजल्यासारखा मागं घेतला. मानसिंगराव चौकटीला धरून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू कुठंच नव्हतं. त्यांचा भार हिशोबानं धरला होता, पण हा हिशोब त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

"महेश्वरी! भाईर ये!" दाक्षायणीनं मागाच्या कडेनं आडवं सरकत आत हात घातला, लेकीचं मनगट पकडलं आणि तिला ओढलं. सिद्धेश्वराचं कॅलेंडर खिळ्यावर झुलत होतं. महेश्वरी चौकटीपाशी आली असेल नसेल, तोच वर छत तडकलं. कडीजवळचा गिलावा सुटला आणि नारळाएवढं ढेकूळ थेट झोळीत पडलं. रिकामी झोळी त्या वजनानं खाली ताणली गेली आणि हेलकावे खाऊ लागली.

महेश्वरी किंचाळली. ती किंचाळतेय हे तिच्या तोंडावरून कळलं, आवाज आला नाही.

दाक्षायणीनं मागं बघितलं. पोर अंकितेच्या खांद्यावर होती. डोळे मिटलेले, मूठ सैल. सकाळपासून पहिल्यांदा गाढ झोपली होती.

शरणप्पानं झोळी बघितली. त्यानं आपला माग बंद केला आणि अनवाणी जिना उतरत सुटला. मागाच्या खोलीत तोंडाचा उपयोग नसतो, हाताची भाषा असते. प्रत्येक दारात जाऊन तो दोन्ही तळवे जमिनीकडं दाबायचा, मग बोटानं छत दाखवायचा, मग दार. बघणाऱ्याला एका नजरेत कळत होतं. एकेक माग थांबत गेला. माणसं जशी होती तशी खाली आली. कुणाच्या हातात पीठ होतं, कुणाच्या तोंडाला साबण. मानसिंगराव म्हाताऱ्यांना हाताला धरून उतरवत होते.

सगळे फाटकाजवळच्या उन्हात उभे राहून इमारतीकडं बघू लागले. इमारत होती तशीच उभी होती. पिवळा रंग, खिडक्यांत वाळत घातलेले कपडे. मानसिंगराव फोनवर बोलत होते. मग त्यांनी फोन खिशात ठेवला आणि तपासणी होईस्तोवर कुणीही वर जायचं नाही, असं सांगितलं. ते ओरडले नाहीत. कुणाला दोषही दिला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

"पण गाडी तर हितंच हाय," बिभीषण एकदम म्हणाला. "मग वरचा माग कुणी लावला?"

आजवर दाक्षायणी सरकारला भ्यायली होती, तड्याला भ्यायली होती, पण शेजाऱ्यांना भ्यायची वेळ आली नव्हती. ही सगळी जुन्या वस्तीपासूनची माणसं. महेश्वरीच्या लग्नात त्यांनी पंगती वाढल्या होत्या.

"मी लावला," ती म्हणाली. "जाणून लावला. तुमी सगळे लावशीला हे इसरले मी."

"अगं अक्का!" मल्लव्वानं कपाळावर हात मारून घेतला. "काय केलंस गं हे! आता माग गेले, घर बी गेलं. पोराबाळांनी कुटं जायाचं?"

दाक्षायणीनं अंकितेकडं बघितलं. अंकितेनं झोपलेली पोर महेश्वरीच्या हातात दिली.

"पुढचा टप्पा या नकाशानं होणार नाही, एवढं मी लिहीन," ती म्हणाली. "माग कुठं ठेवायचे ते आधी ठरलं पाहिजे, हेही लिहीन. ते ऐकतीलच असं नाही."

"आणि आज रात्री?" मल्लव्वानं विचारलं. "आज कुटं निजायचं?"

"ते मला माहीत नाही, मावशी," अंकिता म्हणाली. खोटं बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती गाडीत जाऊन बसली नाही, तिथंच त्यांच्यात उन्हात बसली.

हळूहळू माणसं पांगून कडुनिंबाच्या तुटपुंज्या सावलीत टेकली. दाक्षायणीच्या आजूबाजूला कुणी बसलं नाही. मधे चांगली हातभर जागा सोडून सगळे बसले. शरणप्पा तेवढा तिच्याशेजारी होता. त्याच्या खांद्यावर अजून ती मागावरची चादर होती. माळावर शांतता पसरली, आणि त्या शांततेनं पोर जागी झाली.

टाहो फुटला. महेश्वरीनं पाजायला घेतलं, पोरीनं तोंड फिरवलं. शरणप्पानं हातावर झुलवलं, व्यर्थ. ती लाल झाली, काळीनिळी झाली, तिचा श्वास अडकू लागला. दाक्षायणीनं तिला घेतलं. काय करावं ते तिला कळत होतं, पण करायची लाज वाटत होती. ज्या आवाजानं साऱ्यांना उघड्यावर आणलं तोच आवाज.

तिनं पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि जिभेनं टाळूवर हळूच वाजवलं. खट-खट. खट-खट. पोरीनं हुंदका गिळला. खट-खट, खट-खट. दाक्षायणीचा घसा सुकला, जीभ अडखळली, आणि पोर पुन्हा कण्हू लागली.

मल्लव्वा समोरून बघत होती. तिचा राग काही गेला नव्हता, तो तोंडावर तसाच होता. तिनं कमरेला खोचलेल्या दोन लाकडी कांड्या काढल्या, हातभर जागा ओलांडून दाक्षायणीला खेटून बसली आणि कांडीवर कांडी वाजवू लागली. खट-खट, खट-खट, मागाच्या नेमक्या चालीवर. मग कुणीतरी चपलेनं दगडावर ताल धरला. बिभीषणची म्हातारी आई टाळ्या वाजवू लागली.

पोरीचे डोळे मिटू लागले. दाक्षायणीनं एक हात तिच्या डोक्यावर आडवा धरला. वर नुसतं आभाळ होतं, पण हात तिनं काढला नाही.